मातीखालचा विस्तव

११ जानेवारी, रविवार

केवळाकाकूंचा पाय भाजला. मी लावलेल्या जाळात.

दुपारी शिल्पाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर तंबूचं कापड वाळत घालत होते. केसांना अजून धुराचा वास होता आणि मी मनात म्हणत होते, असा वास दोन दिवस राहिला तरी चालेल. शिल्पा म्हणाली, "धम्मा, तू आगटी विझवली होतीस ना गं?" मी लगेच म्हणाले, हो. मग तिनं सांगितलं.

नीट लिहिते. लिहिल्याशिवाय आज डोळा लागणार नाही.

शिल्पा माझी शाळेपासूनची मैत्रीण. आता लातूरला असते, नवरा-नोकरी तिकडेच. संक्रांतीच्या आधी चार दिवस माहेरी आली होती. माहेर म्हणजे भोकरच्या पुढचं खेडं, माझ्या घरापासून स्कूटीवर थोड्याच वेळात पोचता येतं. दरवर्षी आमचं बोलणं व्हायचं — एकदा तुमच्या शेतात तंबू ठोकून राहू, हुरडा खाऊ. यंदा जमलं. काल आम्ही दोघीच गेलो. तिचे आईवडील, केवळाकाकू आणि हणमंतकाका, रात्री गावातल्या घरी. आम्ही शेतातल्या आखाड्याच्या, म्हणजे खोपीच्या, पुढं, तलावाच्या अंगाला.

जाळाचं काम माझ्याकडे होतं. मला ते येतं. कॉलेजात असताना डोंगर चढायला जायचो तेव्हा शिकले. काल सगळं नीट केलं, खरंच नीट. उभ्या ज्वारीपासून लांब जागा बघितली. वारा कुठून येतो ते माती उडवून बघितलं. वाळलेलं गवत पार खरडून काढलं, खड्डा घेतला, भोवती दगड लावले — तलावातले नाही, ओला दगड तापला की फुटतो. बादली भरून जवळ ठेवली. शिल्पाला ओढणी कमरेला गाठ मारून बांधायला लावली. ती म्हणाली, "तू हेडमास्तरीणच हायस." मग बाभळीची लाकडं, वर गोवऱ्या. गोवऱ्यांनी विस्तव धरल्यावर कणसं पुरली. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची, दाणे गुळासोबत, चटणीसोबत. अंगाला पुढून ऊब, पाठीला थंडी. शिल्पा तिच्या सासूच्या नकला करत होती. इतकं हसून मला किती वर्षं झाली असतील.

मग झोपायची वेळ झाली. आणि इथं मी चुकले.

बादलीत अर्धं पाणी उरलं होतं. लाइट सकाळीच येणार, म्हणजे तोवर मोटर बंद. सकाळी चहाला, तोंड धुवायला पाणी लागणार. तलाव समोर दिसत होता. पण अंगावर शाल होती, बाहेर गार होतं, उठावंसं वाटलं नाही. मी दोन तांबे ओतले. चर्र झालं, वाफ आली. बाकीच्या विस्तवावर फावड्यानं माती लोटली आणि फावड्याच्या पाठीनं थापटली. शिल्पानं तंबूतून विचारलं, "विझली का गं?" मी म्हणाले, "विझली."

पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, परत ओतायचं, मग हात जवळ धरून बघायचं. हे मला पाठ आहे. मीच दुसऱ्यांना सांगत आले. मातीनं विस्तव मरत नाही, झाकला जातो. हेही मला ठाऊक होतं.

सकाळी धुकं होतं. आम्ही उजाडल्याबरोबर तंबू गुंडाळला. मी त्या जागेकडे बघितलं — सपाट माती, धूर नाही, काही नाही. हात लावून बघितला नाही. शिल्पाच्या घरी चहा घेतला आणि मी भोकरला आले.

काकूंना शुगर आहे. पायाला काही लागलं तरी त्यांना कळत नाही. हे मला कुणी सांगायला नको, त्यांचं रक्त मीच तपासते, आमच्या लॅबमध्ये. त्या ऊन पडल्यावर शेतात आल्या. लिंबाखाली म्हसोबा आहे, तिथं हात जोडायला चप्पल काढली आणि तशाच अनवाणी आमची उरलेली कणसं गोळा करायला आल्या. मऊ मातीत पाय रुतला. त्या तिथंच उभ्या राहून कणसं वेचत होत्या. जळल्याचा वास आला तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

शिल्पा फोनवर रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.


१२ जानेवारी, सोमवार

काकूंना नांदेडला हलवलं. मी कामावर गेले. दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढलं आणि प्रत्येकाच्या पायांकडे बघत राहिले.


१३ जानेवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून गाडीनं नांदेडला गेले. मुदखेडला गाडी लई वेळ थांबून राहिली. मला बरंच वाटलं. तिथंच थांबून राहिली असती तरी मी काही बोलले नसते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात हणमंतकाका बाकावर बसले होते. धोतराचा सोगा हातात घेऊन त्याच्याकडे बघत. मी जवळ जाऊन म्हणाले, "काका, चूक माझी आहे. मी आगटी नीट विझवली नाही."

त्यांनी वर बघितलं नाही. सरकून जागा केली. "बस," म्हणाले. एवढंच. मी बसले.  त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला काही तरी करता आलं असतं, पाया पडले असते, रडले असते. माणूस नुसता जागा करून देतो तेव्हा काय करायचं?

आत काकू झोपल्या होत्या. पायाला मोठी पट्टी. शिल्पानं फोन स्पीकरवर ठेवून खुर्चीवर टाकला होता, सत्यम बोलत होता. तिचा धाकटा भाऊ, पुण्याला कंपनीत आहे. मी आत आलेय हे त्याला माहीत नव्हतं. "ताई, तुला न्हाई कळत, एक वेळ ठीक हाय. पण ती तुझी मैत्रीण तर शिकलेली हाय ना, दवाखान्यातच काम करते ना? मजा तुमची अन् पाय माझ्या मायचा." शिल्पानं घाईनं फोन उचलला.

मी म्हणाले, "राहू दे. बरोबर बोलतोय तो."

ती म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, विझली का म्हणून." आवाज वर केला नाही. पट्टीकडे बघत म्हणाली.


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शिल्पाचा मेसेज — माय शुद्धीत आहे, वॉर्डातल्या बायांना तिळगूळ वाटून राहिली, तुझी आठवण काढली.

गेले नाही. जाता आलं असतं. गेले नाही.


१८ जानेवारी, रविवार

"करंगळी काढली. बाकी पाय वाचेल म्हणतात."

शिल्पाचा मेसेज. त्यातला "बाकी" हा शब्द मी दिवसभर वाचत राहिले.


२० जानेवारी, मंगळवार

एक गोष्ट केली. आईला वेडेपणा वाटला असेल.

काल संध्याकाळी मागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. शेजारच्या गंगम्मा मावशींकडून मागून आणल्या, त्यांना वाटलं पाणी तापवायचंय. चांगला विस्तव झाल्यावर अर्ध्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि वरून माती टाकली, थापटली. अगदी त्या दिवशीसारखी. दुसऱ्या घमेल्यात तशाच गोवऱ्या, पण त्यात पाणी ओतून चिखल होईस्तोवर ढवळल्या.

सकाळी उठून बघितलं. दोन्ही घमेली वरून सारखी. धूर नाही. चिखलाच्या घमेल्यात हात घातला — गार, विहिरीच्या तळासारखा. मातीच्या घमेल्यावर तळहात धरला तर वरची माती कोमट. बोट आत घातलं.

लगेच काढलं. तरी फोड आला.

आई दारात उभी होती. "काय करून राहिलीस?" म्हणाली. मी म्हणाले, बघत होते. तिनं नळाखाली माझं बोट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. मला चटका बसला आणि बोट आपोआप मागं आलं. काकूंचा पाय मागं आला नाही. तो तिथंच राहिला. एवढाच फरक. हा फरक मला माहीत असून मी बादलीतलं पाणी वाचवलं.


२४ जानेवारी, शनिवार

काकूंना घरी आणलं. शिल्पाची रजा संपली, उद्या ती लातूरला जाणार. सत्यम येऊन गेला, त्यालाही परत जावं लागलं. तो भेटला तेव्हा मान हलवली, मीही हलवली. रोज ड्रेसिंग करायचं आहे. गावात कुणाला येत नाही. काकांचे हात थरथरतात. घरात स्वयंपाकाला पुतण्याची बायको सिंधु येते, तिला जखम बघितली की गरगरतं.

मी म्हणाले, मी येते. रोज संध्याकाळी, काम सुटल्यावर.

शिल्पा म्हणाली, "रोज?" मग म्हणाली, "बरं." तिनं मला नको म्हणावं असं मला वाटत होतं का? थोडं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण इथं नाही लिहायचं तर कुठं.

नांदेडच्या सिस्टरनं मला ड्रेसिंग दाखवून ठेवलं आहे. जखम सलाइनच्या पाण्यानं धुवायची, पुसायची नाही, टिपायची. काळं दिसलं, वास आला, लाली वर चढायला लागली तर थांबायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं.

घरी आईला सांगितलं. ती ज्वारीचं पीठ चाळत होती. चाळणी थांबली.

"चूक झाली, कबूल. माफी मागितलीस ना? दवाखान्यात गेलीस, बसलीस. मग?"

"मग ड्रेसिंग कोण करणार, आई?"

"त्यांचं गाव हाय, त्यांचे लोक हायत." चाळणी परत सुरू झाली. मग परत थांबली. "तुझी आजी असल्याच गावात दुसऱ्यांच्या दारासमोर उभी राहून म्हातारी झाली. मी तुला शिकवलं ते रोज जाऊन त्यांचे पाय धुवायला न्हाई."

"तो पाय मी भाजला, आई."

"अन् त्यांनी तुझा भाजला असता तर? आले असते रोज आपल्या घरी?"

 आईनं उत्तराची वाट बघितली नाही. पीठ चाळून झालं, उठून गेली.


२५ जानेवारी, रविवार

पहिलं ड्रेसिंग.  करंगळीच्या जागी टाके. तळव्याची कातडी गेलेली, आत गुलाबी आणि पिवळं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पायाकडे नाही. "लई घाण दिसतंय का?" मी म्हणाले, नाही, चांगलं आहे. "मग तोंड कशाला असं केलंस?"

काका आत आले, मला बघून लगेच बाहेर गेले.

सिंधुनं चहा आणला. कागदी कपात. काकांना आणि काकूंना स्टीलच्या कपात. कदाचित घासलेले कप संपले असतील. कदाचित नसतील. मी प्यायले. मी हे बोलू शकत होते, दुसरीकडे बोललेही असते. पण त्या पायासमोर बसून मला कशावरच बोलायचा हक्क नाही, असं झालं आहे. आईला हे सांगितलं नाही.


२९ जानेवारी, गुरुवार

काकू बोलतात. मी पट्टी सोडते तेव्हापासून बांधून होईपर्यंत बोलतात. लग्न करून आल्या तेव्हा तलाव नव्हता, तो नंतर झाला. त्यांच्या माहेरी, बिलोलीकडे, घरात तेलुगू बोलायचे, इथं आल्यावर सासू म्हणायची, ही कुठली भाषा घेऊन आली. शिल्पा पोटात असताना त्यांना कच्चा हुरडा खावासा वाटायचा. मला विचारतात, लग्न का केलं नाहीस. मी म्हणाले, जमलं नाही. "बरं झालं," म्हणाल्या, "जमलं असतं तर लातूरला गेली असतीस."

आज मी म्हणाले, "काकू, तुम्ही एकदा तरी मला रागवा."

"कशाला?"

"तुमचं बोट गेलं माझ्यामुळं."

त्या पायाकडे बघत राहिल्या. "मला चटका लागलाच न्हाई बाई," म्हणाल्या. "तुलाच लागला." आणि माझ्या बोटावरचा फोड दाबून बघितला, दुखतंय का म्हणून.

स्कूटीवर येताना रडले. हेल्मेटमध्ये रडलं की काच धूसर होते. थांबावं लागलं.


१ फेब्रुवारी, रविवार

जखमेला वास आला. मी काकांना म्हणाले, आत्ताच्या आत्ता निघायचं. त्यांनी पुतण्याची जीप बोलावली. जीपमध्ये मी मागं काकूंचा पाय मांडीवर घेऊन बसले. काका पुढं. रस्त्यात एकदा ते वळून काही तरी बोलणार होते असं वाटलं.  परत पुढं बघितलं.

डॉक्टरांनी जखम खरडून साफ केली, औषध बदललं. म्हणाले, वेळेवर आणलं, अजून दोन दिवस गेले असते तर घोट्यापर्यंत गेलं असतं. शिल्पाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "धम्मा, तू जेवलीस का?"

त्या रविवारनंतर पहिल्यांदा तिनं मला माझ्याबद्दल काही विचारलं.


४ फेब्रुवारी, बुधवार

वास गेला. लाली उतरली. शुगरही खाली आली आहे.

आज सिंधु कागदी कप घेऊन आली तर काकू म्हणाल्या, "घरात कप न्हाईत का गं?" सिंधु म्हणाली, हायत की. "मग?" सिंधु आत गेली आणि स्टीलचा कप घेऊन आली.  चहा गार झाला होता. मी तो पूर्ण प्यायले.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या दिवसांनी?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या बाईला चालता येतंय का आता?"


७ फेब्रुवारी, शनिवार

नांदेडच्या जुन्या ट्रेकिंगवाल्यांचा फोन. पुढच्या आठवड्यात तलावाजवळ मुक्काम करायचाय, तुझ्या ओळखीचं शेत आहे ना, जाळाचं बघशील का. मी म्हणाले, मी जाळ लावत नाही आता. "अगं, तूच तर आम्हाला शिकवलंस." फोन ठेवला.

हे काकूंना सांगितलं. सांगायला नको होतं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, एकदम पुढं झाल्या. "म्हणजे यंदा हुरडा संपला म्हणायचा का? मी तर चाखलाच न्हाई." खरंच, त्या दिवशी कणसं वेचली, ती तिथंच पडली. "मागास पेरलेल्या तुकड्यात अजून कवळी कणसं हायत. उद्या अंगणात आगटी लाव."

मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी मागून राहिले."

काका दारात उभे होते. ते म्हणाले, "कशाला उगं." काकूंनी त्यांच्याकडे बघितलं फक्त. ते गेले, आणि थोड्या वेळानं कणसांचा भारा घेऊन आले.


८ फेब्रुवारी, रविवार

आगटी लावली.

दोनदा काडी विझली.  गोठ्यातल्या कडब्यापासून लांब, भिंतीच्या आडोशाला नाही, मोकळ्यात. गवत खरडलं. खड्डा घेतला. बादल्या भरून ठेवल्या — एक नाही, घरात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. सिंधु हसायला लागली, "ताई, लग्नाचं पाणी भरून राहिल्यात का?" तिचा पदर खोचायला लावला. काकूंची बाज वाऱ्याच्या वरच्या बाजूला, आणि पट्टीचा पाय उशीवर, जाळापासून लांब. काकू म्हणाल्या, "पायाला न्हाई तर न्हाई, तोंडाला तरी ऊब लागू दे." बाज थोडी पुढं घेतली. तेवढीच.

ऊन उतरत होतं. गोवऱ्या धरल्या, कणसं पुरली. पहिलं कणीस निघालं तेव्हा तो वास आला — भाजलेल्या दाण्याचा, गोड — आणि मला त्या शनिवारची संध्याकाळ आठवली. वाईट वाटण्याच्या आधी चांगलं वाटलं. एक क्षणभर. आगीचा मला राग यायला पाहिजे होता, पण ती तशीच सुंदर होती, मऊ, लाल. मी चोळून दाणे काकूंच्या तळहातावर ठेवले. त्यांनी तोंडात टाकले आणि डोळे मिटले. सिंधुनं शिल्पाला व्हिडिओ कॉल लावला. शिल्पा म्हणाली, "माझ्याशिवाय?" आणि मग पलीकडे हसली, आणि मग मात्र रडली. इतक्या दिवसांचं तिथं रडली. काकू फोनला म्हणाल्या, "रडून काय राहिलीस, हुरडा संपून राहिला."

काकांनी खाल्लं नाही. अंगणाच्या टोकाला उभे.

मग विझवायला घेतलं. पाणी ओतलं. काठीनं ढवळलं, तळापासून. प्रत्येक गोवरीचा तुकडा फोडला. परत पाणी. परत ढवळलं. पार चिखल झाला. हात जवळ धरला, मग पालथा लावला, मग आत घातला, कोपरापर्यंत काळा. गार. काठाची माती उकरून बघितली, तीही गार. सिंधुला हात घालायला लावला. काकूंना म्हणाले, "बघा, काकू, विझली." मला हे शब्द म्हणायचे होते. इतके दिवस म्हणायचे होते.

काका तेवढ्यात वळले आणि गेटाबाहेर निघून गेले. काकूंनी हाक मारली. ते थांबले नाहीत.

मला वाटलं, त्यांना बघवलं नाही. ज्या हातानं त्या दिवशी आळस केला तोच हात आज शहाणपणा दाखवतोय. त्यांच्या जागी मीही निघून गेले असते.


९ फेब्रुवारी, सोमवार

काका आज लॅबवर आले. बाकावर बसले, सरकून मला जागा केली.

"त्या सकाळी तुमी पोरी गेल्या, अन् मी आखाड्यावर आलो. थंडी लई होती. माती उकरली तर खाली विस्तव होता. अजून गोवऱ्या टाकल्या, बसलो शेकत. लाइट आली म्हणून मोटर लावायला उठलो. पायानंच माती लोटली वर. शिल्पाची माय येणार हे मला ठाऊक होतं. सांगायचं राहिलं."

 मी विचारलं, "काकूंना माहीत आहे हे?"

"त्याच दिशी सांगितलं तिला. दवाखान्यात न्यायच्या आधी." ते हातांकडे बघत होते. "मग तू यायला लागलीस, तवा तुला सांगतो म्हणलं, तर म्हणली, नका सांगू. सांगितलं तर ती पोरगी यायची बंद होईल."

दिवसभर राग आला. त्यांचा, काकूंचा. मग आठवलं, विस्तव तर माझाच होता. मग परत राग आला.

संध्याकाळी गेले. पट्टी सोडली. जखम भरत आली आहे. म्हणाले, "काकू, काका येऊन गेले." त्यांना कळलं. आज पहिल्यांदा त्या गप्प बसल्या, धुऊन, टिपून, बांधून होईपर्यंत. निघताना म्हणाल्या, "मग उद्या?"

"बघते," म्हणाले.

जायचं की नाही, ते खरंच बघणार आहे.